विंडोज १० चा आधार संपला, मग घरच्या कंप्युटरचं काय करायचं?

कंप्युटर सुरू केला की अख्खा पडदा व्यापून एक सूचना येते: विंडोज १० चा सपोर्ट संपला आहे, पुढचं बघा. ज्यांच्या घरी २०१५ ते २०२० च्या दरम्यान घेतलेला कंप्युटर किंवा लॅपटॉप आहे, त्यातल्या बहुतेकांनी ती पाहिली आहे. अमळनेरला एका ओळखीच्या नानांनी मला सरळच विचारलं, "मना कंप्युटर चांगला चाली ऱ्हायना, मंग कसाले बदलाना?" म्हणजे, माझा कंप्युटर चांगला चालतोय, मग कशाला बदलायचा? नानांचा प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्याचं नीट उत्तर कुणी देत नाही. एक दुकानदार सांगतो, काही होत नाही, वापरा. दुसरा म्हणतो, हा भंगारात टाका, नवीन घ्या. तिसरा म्हणतो, ठेवून जा, संध्याकाळपर्यंत अकरा, म्हणजे नवी विंडोज ११, मारून देतो.

माझं मत आधीच सांगतो. हा निर्णय सूचनेला घाबरून घ्यायचा नाही आणि दुकानदाराच्या भरवशावरही सोडायचा नाही. या कंप्युटरवर घरात कोणती कामं होतात आणि त्याच्या आत कोणता प्रोसेसर आहे, एवढ्या दोन गोष्टी कळल्या की उत्तर घरबसल्या मिळतं.

## ऑपरेटिंग सिस्टिम काय काम करते

कंप्युटर म्हणजे प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, पडदा आणि कीबोर्ड. या सगळ्यांना कामाला लावणारा मुख्य प्रोग्रॅम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. टॅली असो, क्रोम असो की मुलीचा सीईटीचा फॉर्म असो, सगळं या सिस्टिमवर उभं असतं. फाइल कुठे ठेवायची, प्रिंटरला काय पाठवायचं, कोणत्या प्रोग्रॅमला इंटरनेटवर जाऊ द्यायचं, हे तीच ठरवते. म्हणून तिच्यात दोष निघाला तर वरच्या सगळ्यालाच धोका.

विंडोज १० ही जुलै २०१५ मध्ये आली आणि विंडोज ११ ही ऑक्टोबर २०२१ मध्ये. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. कंप्युटर बंद पडला नाही, फाइली गेल्या नाहीत, इंटरनेटही चालूच आहे. थांबलं ते दर महिन्याला येणारं सुरक्षा अपडेट.

## ते अपडेट इतकं महत्त्वाचं का

सातपुड्याच्या पायथ्याशी केळीची बाग असलेल्याला हे लगेच कळेल. बागेला कुंपण आहे. कुंपणाला कुठे ना कुठे भोक पडतंच आणि रानडुकरं ते हुडकतातच. आजवर दर महिन्याला कुणीतरी येऊन सापडलेली भोकं बुजवून जायचं, तेही फुकट. आता तो माणूस येणार नाही. म्हणून बाग दुसऱ्या दिवशी उद्ध्वस्त होत नाही. कुंपण कालच्याइतकंच मजबूत आहे, फक्त यापुढे पडणारं प्रत्येक भोक तसंच राहणार.

त्याहून अवघड भाग पुढे आहे. शेजारच्या बागेचं कुंपणही त्याच कारागिराने, त्याच पद्धतीने बांधलेलं आहे आणि तिथे दुरुस्ती चालूच आहे. तिथे अमुक खांबाजवळ भोक बुजवलं, की पाहणाऱ्याला कळतं, आपल्याही कुंपणात त्याच खांबाजवळ भोक असणार. विंडोज ११ चा बराचसा आतला भाग विंडोज १० सारखाच आहे. ११ साठी दुरुस्ती आली, की ती उलगडून पाहणाऱ्या हल्लेखोराला १० मधली कच्ची जागा आयती सापडते. म्हणून धोका पहिल्या दिवशी कमी असतो आणि महिन्यागणिक वाढत जातो. पहिले काही महिने काहीच झालं नाही, एवढ्यावर भरवसा ठेवून बसू नका.

## "इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार?"

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेहून जास्त देशांतली यंत्रं जखडून टाकली होती. तो फाइली कुलूपबंद करायचा आणि सोडवायचे पैसे मागायचा. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचं काम त्याने विस्कळीत केलं. त्याला कुणी लिंक दाबायची गरज नव्हती. एका यंत्रातून नेटवर्कमधल्या दुसऱ्या यंत्रात तो आपोआप जायचा. ज्या दोषाचा त्याने फायदा घेतला, त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. विंडोज एक्सपीचा आधार मात्र ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता. तिच्यासाठी कंपनीला हल्ल्यानंतर खास दुरुस्ती काढावी लागली.

यात आणखी एक गोष्ट आहे. त्या हल्ल्यात सापडलेली बहुसंख्य यंत्रं विंडोज ७ ची होती, आणि ७ ला तेव्हा आधार होता. लोकांनी अपडेट घेतलंच नव्हतं. तेव्हा नुसतं विंडोज ११ टाकून भागत नाही. "अपडेटमुळे नेटपॅक संपतो" म्हणून ते कायमचं बंद करून ठेवणारे आपल्याकडे भरपूर आहेत. तसं केलं तर १० आणि ११ मध्ये फारसा फरक उरत नाही.

## "अँटिव्हायरस आहे की माझ्याकडे"

असू द्या, तो हवाच. विंडोज १० मधल्या डिफेंडर या मूळच्या अँटिव्हायरसला नव्या व्हायरसांची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. पण अँटिव्हायरस हा सिस्टिमवर चालणारा एक प्रोग्रॅम आहे. घातक फाइल तो ओळखू शकतो, सिस्टिममधला दोष दुरुस्त करू शकत नाही.

"माझ्या कंप्युटरमध्ये चोरण्यासारखं आहेच काय?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. जरा डेस्कटॉप उघडून बघा. आधार आणि पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो, मुलाची गुणपत्रिका, सातबारा, क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कायम उघडं असलेलं जीमेल. ज्याच्या हाती ईमेल लागलं, त्याला बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलता येतात. आणि खंडणीखोर प्रोग्रॅमला तुमच्या फाइली विकायच्याच नसतात. त्या तुम्हालाच परत हव्या असणार, एवढं त्याला पुरतं.

एका बाबतीत मात्र घाई नको. कंप्युटर इंटरनेटला जोडलेलाच नसेल, फक्त जुना हिशेब पाहायला किंवा पत्रिका छापायला वापरत असाल, तर तो तसाच चालू द्या. बाहेरचे पेनड्राइव्ह तेवढे जपून लावा.

## विंडोज ११ जुन्या कंप्युटरला का नाकारते

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम (मेमरी), ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट चालवू शकणारा मदरबोर्ड, टीपीएम २.० आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि कुलपांच्या गुप्त किल्ल्या वेगळ्या जपून ठेवणारी सोय. ती कधी स्वतंत्र चिप असते, कधी प्रोसेसरमध्येच असते. सिक्युअर बूट म्हणजे सुरू होतानाच आपली सिस्टिम खरी आहे ना, हे तपासणारी व्यवस्था.

खरी अडचण प्रोसेसरची आहे. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आणि एएमडी रायझनमध्ये साधारण २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर चालतात. रायझनच्या त्या मालिकेतलेही काही वगळलेले आहेत. त्यामुळे २०१६-१७ मध्ये चांगले पैसे मोजून घेतलेला, आजही झकास पळणारा सातव्या पिढीचा आय७ बाहेर, आणि त्यानंतर घेतलेला स्वस्तातला आठव्या पिढीचा आय३ आत. यंत्र कामाला कमी पडतं म्हणून ते बाद झालेलं नाही, हे लक्षात घ्या. सुरक्षेची कारणं खरी आहेत, पण चांगली चालती यंत्रं त्यामुळे बाद होतात, हे मला पटत नाही.

## आपला प्रोसेसर कोणता, हे असं पाहा

स्टार्टवर उजवी क्लिक करून "सिस्टिम" उघडा. प्रोसेसरच्या ओळीत, समजा, "आय५-७२००यू" लिहिलंय. रेघेनंतरचा ७ म्हणजे सातवी पिढी, हा चालणार नाही. "आय५-८२५०यू" असेल तर आठवी पिढी, हा चालेल. दहाव्या पिढीपासून पुढे पहिले दोन आकडे वाचायचे: १०२१० म्हणजे दहावी, ११३५ म्हणजे अकरावी. त्याच पानावर रॅम किती आणि सिस्टिम ३२ बिट की ६४ बिट, तेही दिसतं. शेवटचा निर्वाळा मायक्रोसॉफ्टच्या "पीसी हेल्थ चेक" या मोफत ॲपचा घ्या.

त्या ॲपने "टीपीएम सापडत नाही" म्हटलं म्हणून निराश होऊ नका. प्रोसेसर यादीत असेल तर टीपीएम बहुतेक वेळा आत असतं, फक्त बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असतं. इंटेलच्या यंत्रात "पीटीटी" आणि एएमडीच्या यंत्रात "एफटीपीएम" नावाने ते सुरू करता येतं. हे पाच मिनिटांचं काम आहे. तेवढ्यासाठी नवा मदरबोर्ड घ्यायला कुणी सांगत असेल, तर आधी बायॉस उघडून दाखवायला सांगा.

## यंत्र पात्र असेल तर अपग्रेड करा

अधिकृत विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे लागत नाहीत. फाइली आणि प्रोग्रॅम सहसा जागच्या जागी राहतात. स्टार्टचं बटण मधोमध येतं, काही मेन्यू हलतात, दोन दिवसांत हात बसतो. नाहीच जमलं तर पहिल्या दहा दिवसांत सेटिंग्जमधून परत १० वर जाता येतं. रॅम कागदोपत्री ४ जीबी पुरते, पण खरं सांगायचं तर ८ जीबीखाली त्रास होतो. आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाका. कंप्युटर चालू झाल्यावर टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा रकाना पाहा. काहीही उघडलेलं नसताना तो बराच वेळ शंभर टक्क्यांवर अडकून राहत असेल, तर मंदपणाचं मूळ बहुधा तिथेच आहे. एसएसडी टाकल्यावर मिनिटा-दोन मिनिटांनी सुरू होणारं यंत्र काही सेकंदांत सुरू होतं. विंडोज कुठलीही ठेवली तरी हा खर्च वाया जात नाही.

कधी करायचं, तेही ठरवून करा. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्याने ११ आणि २० तारखेच्या तोंडावर हे काम काढू नये. फॉर्म भरण्याचा शेवटचा आठवडाही नको. लाइट जाणाऱ्या भागात डेस्कटॉप असेल तर तो इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्या, लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर लावूनच ठेवा. अपग्रेड अर्ध्यावर असताना लाइट गेली तर यंत्र सुरूच न होण्याची भीती असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो. अशा दुपारी धुळीने भरलेल्या पंख्याच्या यंत्राला तासन्‌तास राबवू नका. आधी कॅबिनेट उघडून धूळ झटका आणि रात्री कामाला लावा.

डाउनलोड पाच-सहा जीबीचं असतं. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ते जमत नाही. फायबर असलेल्या ओळखीच्या घरी जाऊन मायक्रोसॉफ्टच्याच "मीडिया क्रिएशन टूल"ने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर सेटअप बनवून आणा.

## त्याआधी बॅकअप

इथे कुणीही घाई करू नये. आपल्याकडे "डी ड्राइव्हला टाकलंय सगळं" याला बॅकअप समजतात. सी आणि डी बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या कंप्युटरवर उघडून पाहा. उघडली तरच ती प्रत. डेस्कटॉप आणि डाउनलोड हे फोल्डर सी ड्राइव्हमध्येच असतात, ते हमखास विसरले जातात. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे, ते टॅलीतच पाहून ठेवा. जुने मराठी फाँटही उचलून ठेवा, नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेलं वर्षानुवर्षांचं लिखाण उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.

काही यंत्रांवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, आधीच चालू असते. बायॉसमध्ये टीपीएमला हात लावला की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधी शोधा, कागदावर लिहा, मग बायॉस उघडा. ती सापडली नाही तर स्वतःच्याच फाइली कायमच्या हातच्या जातात.

## जुनी सॉफ्टवेअर आणि प्रिंटर

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. पतपेढी किंवा सोसायटीचा हिशेब अजून काळ्या पडद्याच्या डॉसच्या प्रोग्रॅमवर असेल आणि तो ३२ बिट विंडोजवर चालत असेल, तर तो ११ वर थेट चालणार नाही. शिवाय ३२ बिट विंडोज १० वरून सरळ अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. डोंगलवर (यूएसबीत लावायच्या किल्लीवर) चालणारी मराठी टायपिंगची जुनी सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचं टोकन, आधारचं बोटाचे ठसे घेणारं यंत्र आणि जुना लेझर प्रिंटर, या प्रत्येकाचा विंडोज ११ साठी ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजशी जोडून देणारा छोटा प्रोग्रॅम, आहे का, ते बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर आधी पाहा. सेवा केंद्र चालवणाऱ्याचं पोट यावर आहे, त्याने तर हे तपासल्याशिवाय अपग्रेडला हातच लावू नये.

## यंत्र पात्र नसेल तर

लगेच खर्च करू नका. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी विंडोज १० ची सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना ठेवली आहे. तिला ईएसयू म्हणतात, म्हणजे वाढीव मुदतीची सुरक्षा अपडेट. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू केला तर ती फुकट मिळते. नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढे रुपये एकदाच भरायचे. यंत्र विंडोज १० च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर असलं पाहिजे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर "एनरोल नाऊ" अशी ओळ दिसेल. यात नवीन सोयी मिळत नाहीत, फक्त दोषांची दुरुस्ती मिळते, आणि आपल्याला हवी ती तेवढीच आहे. माझ्या पाहण्यात बहुतेक घरांसाठी आधी हेच करणं शहाणपणाचं आहे. खात्याने लॉगिन करायला काहींना संकोच वाटतो, तो मी समजू शकतो. पण ज्या यंत्रावर बँकेचं काम होतं, ते दुरुस्तीविना ठेवण्यापेक्षा हे बरं.

मुदतीनंतर काय? घरात फक्त ब्राउझर, यूट्यूब, मुलांचा अभ्यास आणि पत्रं लिहिणं एवढंच असेल, तर लिनक्स मिंट पाहा. ही पूर्ण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे, आणि तिच्या २२ व्या आवृत्तीला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. इनस्क्रिप्ट मराठी कीबोर्ड आणि पत्रं-तक्ते बनवायचं लिब्रेऑफिस तिच्यात चालतं. पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहता येते. पण टॅली, डिजिटल सहीचं टोकन, ठशांचं यंत्र यातलं काही रोज लागत असेल तर तिकडे जाऊ नका, रोजची कटकट होईल.

## "दुकानदार म्हणतो, अकरा मारून देतो"

पात्रतेची तपासणी चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ टाकता येते, हे खरं आहे. पण अशा यंत्राला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या अपडेटसाठी हा सगळा खटाटोप, त्यांचाच भरवसा राहत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर फार जुन्या प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही. हौसेच्या यंत्रावर प्रयोग करा, कामाच्या यंत्रावर नको.

आणि "मारून देतो" मध्ये बऱ्याचदा चोरीची विंडोज आणि ती चालू करणारा ॲक्टिव्हेटर असतो. तो टाकण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या प्रोग्रॅमला पहारा नको असतो, त्याला आपल्या हाताने घरात घेऊ नका. सुरक्षेसाठी अपग्रेड करायचं आणि त्याच दिवशी अनोळखी प्रोग्रॅमला सगळे अधिकार द्यायचे, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

## जुना लॅपटॉप विकत घेणार असाल तर

कंपन्यांनी काढून टाकलेले सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप "रिफर्बिश्ड" म्हणून स्वस्तात मिळतात. दिसायला चकाचक असतात, आणि विंडोज ११ तपासणी चुकवून टाकलेलीही असू शकते. कॉलेजला जाणाऱ्या मुलासाठी घेणार असाल तर पैसे देण्याआधी तिथेच "सिस्टिम" उघडून प्रोसेसरचा आकडा वाचा. आठवी पिढी किंवा पुढची, ८ जीबी रॅम, एसएसडी, आणि सेटिंग्जमध्ये विंडोज खरी असल्याचं "ॲक्टिव्हेटेड" लिहिलेलं, एवढं पाहा. "ॲक्टिव्हेटेड" हे ॲक्टिव्हेटरनेही लिहिलेलं येतं, म्हणून बिलावर विंडोजचा परवाना लिहून मागा. दुकानदार लिहून द्यायला तयार नसेल, तर दुसऱ्या दुकानात जा.